जुलमाच्या टेबलावर अंकुशी रुपया

सपना तायडे विमानतळावर परकीय चलन बदलून देणाऱ्या काउंटरवर काम करते. तिथं नोटा घेतात, नाणी घेत नाहीत. परदेशातून आलेली माणसं खिशातली चिल्लर तिच्यासमोर ओततात, ती नाही म्हणते, आणि बरेच जण वैतागून ती चिल्लर तिथंच टाकून जातात. नोकरी लागली त्या वर्षी एका म्हाताऱ्या प्रवाशाच्या चिल्लरीत तिला फ्रँकोचं तोंड असलेलं स्पेनचं जुनं नाणं मिळालं. हा कोण म्हणून तिनं वाकोल्याच्या घरी येऊन वाचलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. एवढी माणसं मारून हा हुकूमशहा म्हातारा होऊन अंथरुणात मेला होता, आणि त्याचं तोंड खिशात घालून लोक भाजी आणायला जात होते.

तेव्हापासून ती अशीच नाणी जमवायला लागली. मधोमध भोक असलेलं, बेल्जियमच्या राजाच्या ताब्यातल्या काँगोचं तांब्याचं नाणं. स्वस्तिकावर बसलेल्या गरुडाचं जर्मनीचं. हुकूमशहा मोबुटूच्या झाईरचं. गोऱ्यांच्या राजवटीतला दक्षिण आफ्रिकेचा रँड. घरी कुणी विचारलं की ती म्हणायची, "विसरून जायला नको म्हणून ठेवते."

मालाडला एका वाचनालयाच्या हॉलमध्ये नाणी जमवणाऱ्यांचं मंडळ दर रविवारी भरतं. तिथं तिला विद्याधर दाबके भेटले. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, मंडळाचे कर्तेधर्ते. नाणं कडेला धरायचं, घासून चकचकीत करायचं नाही, नकली कसं ओळखायचं, हे सगळं तिला त्यांनीच शिकवलं. ती त्यांना काका म्हणायची. एकदा मंडळाच्या वर्धापनदिनाला त्यांनी तिच्या हातावर चांदीचा एक रुपया ठेवला. त्यावर फारसी अक्षरांत दिल्लीच्या बादशहाचं नाव आणि शेजारी हत्तीच्या अंकुशाची खूण. पुण्याच्या टांकसाळीतला अंकुशी रुपया; पेशवेही नाणी बादशहाच्याच नावानं पाडत.

"घे. आपल्या पेशव्यांचा आहे," काका म्हणाले. "घरात असू दे."

तिनं थँक यू म्हटलं. घरी आल्यावर तो रुपया कपाटात मागं सारला आणि वडिलांना दाखवला नाही. 'आपल्या' हा शब्द मात्र घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखा राहिला.

यंदाच्या प्रदर्शनाचा विषय काकांनीच ठरवला. "जुलमी राज्यकर्त्यांची नाणी. मुख्य टेबल तुझं, मराठी दौलतीचं वगैरे नेहमीची टेबलं बाजूला. दक्षिण आफ्रिकेच्या नाण्याचं माहितीचं कार्ड मात्र मी लिहिणार," ते उत्साहानं म्हणाले, आणि खरंच लिहिलं: 'माणसाच्या जन्मावरून त्याचा रस्ता, विहीर आणि वस्ती ठरवणारं सरकार.' सपनानं ते कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं, आणि घरी जाऊन कपाट उघडलं.

शनिवारी संध्याकाळी मांडणी चालली होती. तिनं रँडच्या शेजारी अंकुशी रुपया ठेवला आणि कार्ड लावलं: 'पुणे, उत्तर पेशवाई. या राज्यात आमच्या माणसांची सावलीसुद्धा विटाळ मानली जाई. गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून फिरावं लागे, असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.'

काका चष्मा कपाळावर सारून वाकले. "सपना, हे इथं चुकून आलंय बघ. हे मराठी दौलतीच्या टेबलावर जाईल."

"चुकून नाही काका. मुद्दाम ठेवलंय."

त्यांनी कार्ड वाचलं. चेहरा आधी गोंधळलेला दिसला, मग लाल झाला. "मडक्याचं पुराव्यानिशी सिद्ध झालंय का? ऐकीव गोष्टी प्रदर्शनात लावायच्या नसतात."

"मडक्याचं राहू द्या. विटाळ होता की नाही? तेवढंच सांगा."

"तो तेव्हा सगळीकडेच होता. एकट्या पेशव्यांनी सुरू केला का?"

"जर्मनीत ज्यूंचा द्वेष एकट्या हिटलरनं सुरू केला होता का? तिथं तुम्ही असं काही म्हटलं नाहीत."

"हिटलर आणि पेशवे? काय बोलतेस तू?" त्यांचा आवाज चढला. "गॅसच्या खोल्या होत्या का पुण्यात?"

"आफ्रिकेतही नव्हत्या. तरी तुम्ही स्वतः कार्ड लिहिलंत. माझं त्याच्याच शेजारी आहे, नीट बघा."

श्रेयस म्हणून मंडळात एक दातांचा डॉक्टर आहे, सपनाच्याच वयाचा. तो मध्ये पडला. "सपना, यार, सोड ना. एका नाण्यावरून कशाला राडा? उद्या पाहुणे येणारेत."

"राडा मी करतेय?"

काकांनी हात वर केला. "उद्या सकाळी शांतपणे बोलू," एवढंच म्हणाले. तिला वाटलं, खरंच बोलतील.

रविवारी ती पोचली तेव्हा प्रदर्शन सुरू झालं होतं. तिच्या टेबलावरच्या काचेच्या पेटीत रँडशेजारी मोकळी जागा होती, कार्ड नव्हतं. रुपया मराठी दौलतीच्या टेबलावर लाल मखमलीवर होता. त्याखाली नवं कार्ड: 'अंकुशी रुपया, पुणे टांकसाळ. संग्रह: वि. ग. दाबके.'

समोर पाहुणे उभे होते, कुणाच्या तरी हातात चहा होता. तिनं काचेचं झाकण उघडलं आणि रुपया उचलला.

"हात लावू नकोस त्याला!" काका धावत आले.

"संग्रह दाबके? हा तुम्ही मला दिला होता."

"हो, दिला होता! प्रेमानं दिला होता. त्याची अशी विटंबना करशील हे माहीत असतं तर..." त्यांनी उघडं झाकण आपटून लावलं. "तुला मी शिकवलं, सपना. माझ्याच हॉलमध्ये तू माझ्या माणसांना खुन्यांच्या रांगेत बसवतेस?"

"माझ्या माणसांचं काय झालं ते तुम्ही रात्रीतून उचलून फेकून दिलंत. कार्ड कुठंय माझं?"

ते मखमल सारखी करायला लागले. श्रेयस मोबाइलमध्ये बघत उभा राहिला. मग तिनं तो रुपया आणि जुलमाच्या टेबलावरची सगळी नाणी एकेक करून पाकिटात घातली, बॅग खांद्याला लावली आणि बाहेर पडली. रिक्षात बसल्यावर तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

वडील, भाऊराव, घरी मेथी निवडत बसले होते. मूळचे वाशीमकडचे, टेलिफोन खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसून रुपया घेतला आणि खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला.

"हा घरात कवापासून आहे?"

"झाली काही वर्षं."

"आन मला दाखवला नाही."

"तुम्हाला राग आला असता, अण्णा."

"येऊ द्यायचा होता. माझा राग तू काहून लपवून ठेवला?" ते वळले. त्यांचा आवाज हॉलमधल्या कुणाहीपेक्षा बारीक होता, पण तिनं त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "आन नाणी उचलून काहून आणली? टेबल तूच रिकामं करून दिलं त्यांना. आता ते म्हणतील, पोरगी रुसून गेली."

"मग काय करायचं होतं?"

"तिथंच उभं राहायचं होतं. चल, चप्पल घाल."

दोघं परत गेले तेव्हा तिच्या टेबलावर चहाचे उष्टे कप ठेवले होते. सपनानं ते उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकले, टेबल ओढणीनं पुसलं आणि नाणी पुन्हा मांडली. प्रदर्शनाच्या जाहिरातीच्या कागदामागं पेनानं कार्ड लिहिलं. या वेळी अक्षर मोठं काढलं. भाऊरावांनी एक खुर्ची ओढली आणि टेबलाशेजारी बसले.

काका आले. "तुम्ही वडील ना? समजवा हो तिला. असा वाद करून कुणाचं भलं झालंय?"

"समजावतो ना," भाऊराव म्हणाले. "काय समजावू ते सांगा. सावलीचा विटाळ नव्हता, असं सांगू?"

"मी तसं म्हटलेलं नाही."

"मग होता, पण बोलू नको, असं सांगू?"

"तुम्ही लोक..." असं म्हणून काका थांबले. पुढचा शब्द गिळून मागं फिरले, पण तेवढे दोन शब्द आसपासच्या सगळ्यांनी ऐकले होते. सपना एक पाऊल पुढं गेली, तर भाऊरावांनी तिचं मनगट धरलं. "ऐकलं मी. ऐकून इथंच बसलोय," ते म्हणाले.

थोड्या वेळानं सपनाच्या टेबलाच्या बाजूचा पंखा आणि दिवे बंद झाले. कुणी बंद केले ते कळलं नाही. घामानं दोघांचे कपडे अंगाला चिकटले. लोक येत होते. एका बाईनं कार्ड वाचून "काहीतरीच!" म्हटलं आणि मुलाला ओढून नेलं. एक शिक्षक भाऊरावांशी बराच वेळ भांडले, मग पाणी पिऊन पुन्हा येऊन भांडले. एक तरुण जोडपं मोबाइलच्या उजेडात कार्ड वाचत राहिलं. त्यातल्या मुलीनं कार्डाचा फोटो काढला. प्रदर्शन संपेपर्यंत कार्ड तिथंच होतं. सपना त्याच्यापासून हलली नाही.

सोमवारी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तिचं नाव काढलेलं होतं. श्रेयसचा वेगळा मेसेज आला: 'काका फार दुखावलेत गं. एक सॉरी टाकून दे, मॅटर क्लोज.' तिनं उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एवढंच पाठवलं: 'पंखा कुणी बंद केला, आधी ते विचार.'

पुढच्या रविवारी ती मालाडला गेली. काका नेहमीच्या जागी भिंग लावून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. ते एकाएकी फार म्हातारे दिसत होते, आणि ते पाहून तिला क्षणभर वाईट वाटलं, पण राग तसूभरही कमी झाला नाही. श्रेयसनं आपली खुर्ची थोडी सरकवून जागा केली.

"अजून तापलेलीच आहेस का?" त्यानं हळूच विचारलं.

"हो," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आणि बसली.