बुचावरची बाई

लहान बाहुल्यांना कातडीचा रंग देणं हे माझं काम आहे. इमारतींची, कारखान्यांची, स्टेशनांची मॉडेलं बनवणारे लोक असतात. त्यांना त्यात उभी करायला माणसं लागतात. ती माणसं अंगठ्याएवढी, पांढऱ्या प्लास्टिकची, कोरी येतात. कपडे कोणीही रंगवतं. चेहरे आणि हात माझ्याकडे येतात, कारण माणूस जिवंत दिसायचा की भिंतीला पुट्टी मारल्यासारखा, ते तिथेच ठरतं.

‘त्वचा’ लिहिलेला तयार रंग बाजारात मिळतो. तो लावला की सगळी माणसं एकाच घरातली दिसतात, आणि सगळं घर घाबरलेलं. मी आधी तपकिरी अस्तर देतो. त्यावर पिवळी माती, गेरू, नखभर निळा असं मिसळून एक हात. मग पातळ गडद रंग सोडतो, तो आपोआप डोळ्यांच्या खाचेत आणि हनुवटीखाली जाऊन बसतो. शेवटी नाकाचा शेंडा, गालाचं हाड, बोटांचे सांधे हळूहळू उजळत न्यायचे. उजळताना पांढऱ्याला हात लावायचा नाही. सावळ्या रंगात पांढरा पडला की राख फासल्यासारखं दिसतं.

बायको गेल्यावर मी बरेच महिने ब्रश धरला नव्हता. मग एक दिवस मॉडेलवाला घरी आला. हा माझ्यापेक्षा बराच लहान, पण आमचं जुनं जमतं.

“काका, जुन्या लॉन्ड्रीच्या जागी नवी इमारत होतेय. मालकाच्या मुलीला तिथे दारातच लॉन्ड्रीचं मॉडेल ठेवायचंय. पण बाया खऱ्या पाहिजेत म्हणते. ज्या तिथे कामाला होत्या, त्याच.”

माझी बायको त्याच लॉन्ड्रीत होती. लग्नाआधी लागली, ती आजारी पडेपर्यंत.

“काकूंची पण करायचीय,” तो खाली बघत म्हणाला. “तुम्हाला जमणार नसेल तर…”

“बाकीच्यांचं मला जमेल आणि तिचंच जमणार नाही होय?” मी म्हणालो.

तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

लॉन्ड्रीत सगळ्यांना एकच निळा झगा आणि डोक्याला पांढरा रुमाल. एवढ्याशा बाहुलीवर नाकडोळे म्हणजे टाचणीची टोकं. बाहुल्याही चारदोनच प्रकारच्या, त्यामुळे उभं राहण्यावरूनही ओळख पटायची नाही. राहिला कातडीचा रंग. त्यावरूनच ही कोण नि ती कोण हे कळणार होतं. म्हणून बायांना घरी बोलवायचं ठरलं. फोनाफोनी माझ्या मुलीने केली. ती मागच्या गल्लीत राहते, कामावरून येताना रोज डोकावते.

एकेक बाई खिडकीशी बसायची आणि टेबलावर हात ठेवायची. मी पांढऱ्या टाइलवर रंग मिसळायचो आणि तिच्या मनगटाच्या मागे ठिपका द्यायचो. ठिपका वेगळा दिसतोय तोवर रंग चुकलेला. मिसळत जायचं, परत द्यायचा. ठिपका दिसेनासा झाला की जमला.

त्यांच्यातली एक चांगलीच अंगाने भरलेली, लॉन्ड्रीत कपड्यांची बोचकी वाहायची. तिला सगळ्या गाठोडं म्हणतात आणि तिलाही ते चालतं.

“भाऊजी, माझा जरा उजळ लावा,” ती म्हणाली. “आयुष्यभर दुसऱ्यांचं पांढरं केलं, आता माझं करा.”

“तुला उजळ करायला घेतलं तर यांचा डबा संपेल,” मुकादम म्हणाली. मुकादम म्हणजे त्यांच्या पाळीची मुख्य. लॉन्ड्री बंद झाली तरी तिच्यासमोर बाकीच्या अजून सरळ बसतात.

बायकोसाठी मनगट नव्हतं. फोटोवर माझा भरवसा नाही, दिवा बदलला की फोटोत माणूस बदलतो. पण मला फोटोची गरजच वाटली नाही. तिच्या आजारपणात तिचं तोंड पुसणं, हात धुणं, नखं कापणं सगळं मी केलं होतं. कुठे कसा रंग आहे ते डोळे मिटून सांगितलं असतं. टाइलवर रंग मिसळायला घेतला आणि पहिल्याच खेपेला जमला. पापण्यांवर किंचित जांभळा, ओठांच्या कडेला पिवळट, बोटांची टोकं थोडी निळसर. भिंगाखाली धरली आणि ती माझ्याकडे बघतेय असं वाटलं. कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला.

बाहुल्या रंगवून झाल्या तेव्हा मॉडेलमध्ये बसवायच्या आधी बायांनी एकदा बघाव्यात म्हणून मी त्यांना परत बोलावलं. रंगवताना बाहुली बाटलीच्या बुचावर चिकटवून घ्यावी लागते, म्हणजे तिला बोट लागत नाही. तशा सगळ्या बुचांवर ओळीने खिडकीत उभ्या होत्या. मुलगी चहा करत होती.

बाया आल्या आणि घरात नुसता कालवा सुरू झाला. भिंग या हातातून त्या हातात.

“ही मी! बघ, मानेवरचा चट्टा पण काढलाय.”

“ही बुटकी. बुटके, बाहुलीत तरी उंच झालीस गं.”

“मुकादम कशी चिडलेली दिसतेय बघा.”

“मी चिडलेली नाही, मला तुम्ही दिसताय,” मुकादम म्हणाली.

मी मागे हात बांधून उभा होतो. कोण आधी ओळखतं त्याची वाट बघत होतो. गाठोड्याने शेवटचं बूच उचललं, भिंग लावलं, लांब धरलं, परत जवळ आणलं.

“आणि ही कोण?”

बूच फिरलं. बुटकीने पाहिलं, मुकादमने पाहिलं.

“ऑफिसातली ती बसायची, ती का?” बुटकी म्हणाली.

“छे, ती गोरी होती. ही गोरी नाही. ही…” गाठोड्याला शब्द सापडेना. “ही आजारी आहे. अशी बाई आली असती तर मुकादमने दारातूनच घरी पाठवली असती.”

सगळ्या हसल्या. त्यांची काही चूक नव्हती, विनोद चांगला होता. गाठोडं माझ्याकडे वळली. “सांगा ना भाऊजी, कोण ही?”

‘ही माझी बायको’ एवढेच तीन शब्द म्हणायचे होते.

“ही अशीच,” मी म्हणालो. “जागा भरायला घेतलीय. कोणी नाही ती.”

स्वयंपाकघराच्या दारात मुलगी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, ट्रेमधले कप वाजलेले मला ऐकू आले.

“ते ठीक,” मुकादम म्हणाली. “पण मग आमची इस्त्री कुठाय?”

“कोण?”

आता खोलीत कोणीच हसत नव्हतं. “तुमची बायको हो, भाऊजी,” मुकादम हळू म्हणाली. “आम्ही तिला इस्त्री म्हणायचो. रंगाने काळी आणि तापायला एक मिनिट लागत नाही म्हणून. तुम्हाला माहीत नव्हतं?”

मला माहीत नव्हतं. “तिची व्हायचीय अजून,” मी म्हणालो. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

बायांनी चहा पटपट संपवला. त्या गेल्यावर मुलीने कप विसळले, पालथे घातले, हात पुसले आणि मग ती बोलली.

“मी आल्याआल्याच ओळखलं होतं, बाबा. शेवटच्या महिन्यातली आई आहे ती.”

“हो.”

“त्यांनी कशी ओळखायची? त्यांनी तिला तशी बघितलीच नव्हती. ती कोणाला येऊच देत नव्हती. म्हणायची, मला अशी नको बघायला कोणी.” ती थांबली. “आणि तुम्ही तिला तशीच दारात उभी करणार होतात. कायमची.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हणालो, “मला वाटलं, मी तिला सगळ्यात नीट बघितलंय.”

“आजारी पडल्यावर बघितलंत.” हे तिने टोमणा म्हणून नाही म्हटलं. टोमणा असता तर मला परवडलं असतं. “आणि कोणी नाही ती, असं कसं म्हणालात हो?”

ती गेली, तेव्हा रोजच्यासारखं ‘येते’ म्हणाली नाही.

मी दुसऱ्या टाइलवर रंग मिसळून बघितले. बायको धडधाकट असतानाची आठवू लागलो. ती दारातून आत येताना आठवली, पिशवी खाली ठेवताना आठवली, बोलणं तर सगळं आठवलं. रंग आठवेना. काळीसावळी होती, हे काय, शेजारचाही सांगेल. पण सावळं म्हणजे हजार रंग. मी जन्मभर लोकांच्या कातड्या बघून पोट भरलं आणि माझ्या घरात रोज जी समोर बसून जेवत होती, तिचा ठिपका मला देता येईना. ती समोर बसायची तेव्हा माझ्या एका डोळ्याला भिंग असायचं.

सकाळी मी मुकादमच्या घरी गेलो. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

“काल ती होती ना, आजारी बाई,” मी म्हणालो. “ती बायकोचीच बाहुली होती. मी खोटं बोललो.”

तिने हातातली चादर झटकली, दोरीवर टाकली, कडेला कड जुळवली. “मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “ट्रे कसा वाजला ते ऐकलं मी.”

“मला तिचा रंग सांगा. आधीचा.”

“मला विचारताय?”

“हो.”

“भाऊजी, नवरा तुम्ही होतात की मी?”

मी मान खाली घातली. तिनेही ते वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाली, “मी एकटी सांगितलं तर चुकेल. रविवारी सगळ्यांना घेऊन येते. पण कोण होती ते त्यांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार.”

शनिवारी मी बाहुली थिनरमध्ये बुडवली आणि जुन्या टूथब्रशने घासली. ते काम मला कोणी करायला सांगितलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. पापण्यांवरचा जांभळा आधी गेला. मग खालचं प्लास्टिक पांढरं, कोरं निघालं. तो चेहरा तेवढा मला नीट माहीत होता आणि तोही मी घासून काढला.

रविवारी त्या आल्या. मुलगीही आली, दाराशीच स्टुलावर बसली. मी उभा राहिलो, शाळेत उभं करतात तसा.

“परवाची ती बाई कोणी नाही असं मी म्हणालो. ती माझी बायको होती. तुम्ही ओळखली नाही म्हणून मला लाज वाटली, आणि मी तिला नाकारलं.”

गाठोड्याने तोंडावर हात ठेवला. “अगं बाई. आणि मी काय काय बोलले!”

“तू बोललीस ते खरं होतं,” मी म्हणालो. “आता सांगा. तुम्ही सांगाल तसा लावतो.”

मग बुटकीने तोंड उघडलं आणि पुढे कोणाला थांबवता आलं नाही.

“हे अस्तर एवढंच? ती याहून काळी होती.”

“काळी नाही गं, तांबूस काळी. वाफेशी उभी असली की गाल बघ कसे व्हायचे तिचे.”

“हात कोपरापर्यंत लाल करा. गरम पाण्यात असायचे. कोपराच्या वर वेगळा रंग, आखल्यासारखा.”

“कानाची पाळी उजळ होती. मी चिडवायचे, तेवढीच गोरी आहेस म्हणून.”

“नाक चमकवा, भाऊजी. घाम असायचा कायम. मुकादमने रुमाल दिला तर त्याने आधी यंत्र पुसायची.”

मी गेरू वाढवला, लाल वाढवला, पिवळ्याचं टोक लावलं. त्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या, भांडत होत्या, मध्येच कोणीतरी डोळे पुसत होतं. त्या सांगतील तसं मी लावत होतो, नवीन कामाला लागलेल्या माणसासारखा. कानाच्या पाळीवर ब्रश टेकवला तेव्हा मुकादम एकदम म्हणाली, “बस. आता हात लावू नका.”

गाठोड्याने बूच उचललं आणि भिंगही न लावता म्हणाली, “आली बघ.”

बूच सगळीकडून फिरून मुलीकडे गेलं. तिने ते तळहातावर घेतलं, खिडकीकडे धरलं. कामावर जाताना आई तिला शाळेत सोडायची, त्या बाईला ती बघत असणार. “हीच,” ती म्हणाली. मग तिने ते माझ्या हातात दिलं.

मी भिंग लावलं. अंगठ्याएवढी एक बाई होती. चमकणारं नाक, तापलेले गाल, कोपरापर्यंत लाल हात. धडधाकट, थोडी रागीट, आता कोणाला तरी काहीतरी ऐकवेल अशी. ओळख देईल म्हणून मी वाट बघितली. माझ्यासमोर जेवायला बसणारी ती ही नव्हती, किंवा हीच होती आणि मी वर बघितलं नव्हतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

“हो,” मी म्हणालो. “हीच.”

बाकीच्यांना ते पुरलं. मुकादमला पुरलं नाही. जाताना चपला घालता घालता ती फक्त मला ऐकू जाईल इतकं हळू बोलली.

“ते मॉडेल लागलं की तिथे जात जा, भाऊजी. तिच्यासमोर जरा उभे राहत जा. होईल ओळख.”