रिकामं जहाज

सुनील आडेनं पाच वर्षांत विहिरींतून, शेततळ्यांतून आणि पैनगंगेतून एकेचाळीस माणसं वर काढली होती. त्यातलं एकही जिवंत नव्हतं. फुलसावंगीजवळच्या तांड्यावर त्याचं घर. महागाव तालुक्यात कुठंही कोणी पाण्यात गेलं की ठाण्यातून त्याला फोन यायचा. आधी हा फोन त्याच्या बापाला, धावजीला यायचा. धावजीच्या कानाचा पडदा फाटला, तेव्हापासून तो सुनीलला येऊ लागला.

त्याची थोरली बहीण शीला यवतमाळला एका खासगी दवाखान्यात नर्स होती. आषाढात सुनीलनं शाळेच्या गणवेशातली एक मुलगी नदीतून काढली. त्यानंतर सुट्टीला आलेल्या शीलानं पाहिलं, की तो आंघोळ करताना डोळे मिटत नाही.

"साबण जाते ना डोळ्यात. मिटत काहून नाही?"

"मिटले का गढूळ दिसते, बाई."

बालीला जायचा बेत त्या एका उत्तरातून निघाला.

शीलाच्या दवाखान्यातली एक डॉक्टरीण नुकतीच तिथं जाऊन आली होती. तिच्या फोनमधलं पाणी शीलानं पाहिलं. वीस मीटरवरचा मासा खवल्यांसकट दिसत होता. ज्वालामुखीच्या पायथ्याशी काळ्या गोट्यांचा किनारा, आणि तिथून पोहत जाता येईल इतक्या अंतरावर एक बुडालेलं जहाज. पाठीवर हवेच्या टाक्या बांधून लोक त्याच्या आतून-बाहेरून फिरत होते. शीलानं डिसेंबरचा दुसरा आठवडा धरला, रजेचा अर्ज टाकला आणि रविवारी तांड्यावर येऊन सगळं सुनीलसमोर मांडलं.

"काळी रेती पाहाले इमानानं जाचं?" सुनील म्हणाला. "आपल्या वावरात काय गोरी माती हाय?"

"तिथला डोंगर अजून धगधगते. आपली काळी माती ज्याची, तो कधीचाच थंड झाला."

"अन् जहाजात माणसं असतीन ना?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. त्याचं उत्तर शोधूनच ती आली होती. "ते जहाज काठावर रिकामं पडलं होतं. डोंगर फुटला, जमीन हालली, अन् ते पाण्यात घसरलं. अंदर कोणीच नव्हतं."

"पक्कं?"

"तीन जागी वाचलं म्या."

"मंग लोक खाली जाऊन काढते काय?"

"काहीच नाही काढत. कशालेच हात लावाचा नाही, असा नियम हाय तिथं. फक्त पाहाचं."

हा नियम सुनीलला इतका आवडला की त्यानं तो तिच्याकडून दोनदा ऐकून घेतला. विहिरीच्या तळाशी डोळ्यांचा उपयोग नसतो. तिथं सगळं काम हाताचं. बोटांना आधी कापड लागतं, नाहीतर केस.

बाजेवर बसलेल्या धावजीला एका कानानं जेवढं ऐकू आलं तेवढं त्यानं ऐकलं. "जा बापा," तो म्हणाला. "येतानी एखादा मोठा मासा आणजो."

"हात लावाचा नाही म्हणते, बा."

"मंग फुकट कायले भिजता?"

पासपोर्टच्या चौकशीला ठाण्यातून घनश्याम जमादार आले. सुनीलला फोन करणारे तेच. त्यांनी चहा घेतला आणि कागद मांडीवर ठेवून हसले. "चाळीसेक पंचनाम्यांवर तुझी सही हाय लेका. तुझं चारित्र्य म्या काय तपासू? पण डिसेंबरात कोणी विहिरीत पडलं तं?"

"त्याले सांगजा, आठ दिवस थांब म्हणा," सुनील म्हणाला. पावसाळ्यानंतर त्यानं केलेला हा पहिला विनोद. शीलानं तो लक्षात ठेवला.

टाकी घेऊन उतरायचं तर आधी अभ्यास करावा लागणार होता. तिथल्या केंद्रानं इंग्रजीतले पाच धडे फोनवर पाठवले. सुनीलचं इंग्रजी बारावीतच सुटलेलं, म्हणून शीला दुपारच्या सुट्टीत फोन करून त्याला ते मराठीत सांगायची. पहिल्याच धड्यात लाल चौकट होती. सगळ्यात महत्त्वाचा नियम: श्वास कधीही रोखू नका. शीलाला हसू आलं. शहरातल्या भित्र्या पर्यटकांसाठी लिहिलं असणार. तीन मिनिटं दम धरणाऱ्या माणसाला श्वासाचं काय सांगायचं? चौकटीखालच्या ओळी न वाचताच तिनं पान पुढं सरकवलं आणि हाताच्या खुणा सांगायला घेतल्या.

खुणा सुनीलनं चार दिवसांत पाठ केल्या. पण नळीतून हवा कशी घेतात, हे त्याला आधीच करून पाहायचं होतं.

"चार परदेशी लोकायसमोर येडा नको दिसाले," तो म्हणाला. "तांड्याचं नाव जाईन."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी लखीरामनं आपल्या पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर मळ्यातल्या विहिरीवर आणला. लखीराम सुनीलचा शाळासोबती. विहिरीच्या मोटारीच्या लाईनीवर त्यानं यंत्र चालू केलं, नळी लांब केली आणि तिचं तोंड स्वतःच्या दातात धरून पाहिलं.

"टायरचा वास येते. पण हवा हाय."

"टायरले चालते तं मले कायले नाही चालंन?" सुनील म्हणाला.

विहिरीत पस्तीस फूट पाणी होतं. रविवारी घरी आलेल्या शीलानं हातातलं घड्याळ पाहिलं. सुनील कमरेला दगड बांधून उतरला. पाण्यावर बुडबुडे येत राहिले, न थांबता. पाच मिनिटं. आठ. कोणी इतका वेळ खाली राहिला तर काय समजायचं हे तांड्यातल्या लहान पोरालाही माहीत होतं, आणि इथं मात्र बुडबुडे हसल्यासारखे वर येत होते. धावजी काठावर उकिडवा बसून पाहत होता. बाराव्या मिनिटाला नळी एकटीच हलायला लागली; सुनीलनं तिच्यातून शेवटचा दम भरून ती सोडली होती.

वर येताना सुनीलनं तेच केलं, जे धावजीनं त्याला आठव्या वर्षी शिकवलं होतं. कमरेचा दगड सोडायचा, भरलेली छाती तशीच धरायची, दात आवळायचे, पायानं जमीन मागं ढकलायची आणि डोकं पाण्याबाहेर येईस्तोवर श्वास सोडायचा नाही. ओझं घेऊन वर येणाऱ्याला भरलेली छातीच तारते, हे त्या घरात दोन पिढ्यांनी पाळलं होतं. फक्त त्या दोन पिढ्या छातीत वरची हवा घेऊन खाली गेल्या होत्या. तळाशी दाबाखालची हवा भरून कोणी वर आलं नव्हतं.

त्यानं पायरी धरली आणि तोंडावरचं पाणी पुसलं.

"बाई, खाली बसून राह्यलो होतो. नुसता बसून. एक कासव..."

पुढचा शब्द वाकडा आला. तोंडाची डावी बाजू ओघळली. ओठावर गुलाबी फेस आला आणि हात पायरीवरून सुटला.

लखीराम कपड्यांसकट उतरला. मळ्यातल्या माणसांनी सुनीलला वर ओढलं, पालथा घातला आणि पाठ दाबायला सुरुवात केली. बुडालेल्या माणसाचं काय करायचं हे सगळ्यांना पाठ होतं. धावजी स्वतः सांगत होता. पाय उंच करा, पोट दाबा, अजून दाबा. पण पाणी निघत नव्हतं.

"थांबा!" शीला ओरडली. "पाणी गेलंच नाही त्याच्या अंदर."

तिनं त्याला उताणा केला. तोंडातला फेस पुसला. नाडी होती, पळत होती. मग तिनं फोन काढून पहिला धडा उघडला. लाल चौकटीखाली चारच ओळी होत्या. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते. कोंडलेली असली तर फुप्फुस फाडते. बुडबुडा रक्तातून मेंदूत जातो. प्राणवायू द्या, आडवा ठेवा, हवेचा दाब वाढवून बुडबुडा विरघळवणाऱ्या दाबाच्या खोलीपर्यंत ताबडतोब न्या.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं कागदावर 'पाण्यात बुडून' असं लिहायला घेतलं. धावजी शेजारीच उभा होता.

"बुडला नाही तो, सर," शीला म्हणाली. "कॉम्प्रेसरची हवा घेऊन दम धरून वर आला. असं करू नका, हे धड्यात लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं, त्याला सांगितलं नाही. नागपूरला दाबाची खोली आहे का, आधी विचारा."

डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलं, लिहिलेलं खोडलं आणि फोन उचलला. अशी खोली एका खासगी दवाखान्यात होती. सगळं धरून साडेचार तासांचा रस्ता.

रुग्णवाहिकेत शीलानं मुखवटा भावाच्या तोंडावर धरून ठेवला. धावजी पायाशी बसला. यवतमाळ मागं पडलं.

"तुले मालूम होतं?" त्यानं विचारलं.

"एक ओळ मालूम होती, बा. खालच्या नाही वाचल्या. मले वाटलं, याले दम कोण शिकवंन."

धावजीनं मान हलवली. "त्याले म्याच शिकवला," एवढंच तो म्हणाला, आणि त्यानं तिला दोषातून सोडलं की आपल्यासोबत त्यात धरलं, ते तिला कळलं नाही.

कळंबच्या अलीकडं सुनीलच्या घशातून एक लांब आवाज आला. शीलानं मुखवटा काढून हवेचा फुगा दाबायला घेतला, मग छाती, मग पुन्हा फुगा. ती मोजत होती. गाव आलं, चिंतामणीच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांची गर्दी आली, सायरन वाजला, लोक बाजूला झाले. ती मोजतच राहिली. बोटं त्याच्या मानेवर ठेवायचं तिनं टाळलं. ठेवली असती तर थांबावं लागलं असतं.

धावजीनं चादरीखाली हात घालून लेकाचं पाऊल धरलं. घोट्यावर अंगठा दाबला. तीस वर्षं त्यानं हे काम केलं होतं.

"सोड आता, बाई," तो म्हणाला.

"बा, अजून..."

"मले हाताले समजते."

शीलाचे हात थांबले. धावजीनं पाऊल सोडलं नाही. दुसऱ्या हातानं त्यानं मधली काच ठोठावली आणि ड्रायव्हरला सांगितलं की आता घाई नको करू, खड्डे पाहून हळू घे.