एकादशीचा हरभरा

द्वादशीच्या सकाळी सोनाजीनं टांगा जुंपला आणि छावणीतून वेरूळची वाट धरली. कोसभरही गेला नसेल, तोच त्याची चंद्री घोडी लटपटली. मागचे पाय ताठ, अंगाला घामाच्या धारा. त्यानं तिच्या मागच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला, तर मांस दगडासारखं कडक! घोडी एक पाऊल पुढं टाकीना.

पोलीस ॲक्शननंतर निजामाच्या घोडदळाचे रिसाले मोडले, तेव्हा मेंढरं विकून त्यानं ही घोडी घेतली होती. रोज थोडी थोडी चाल वाढवत तिला वेरूळच्या घाटाजोगी तयार केली. दर एकादशीला तिला सुट्टी. त्या दिवशी सोनाजी उपास धरून कीर्तनाला जाई, आणि घोडी धाकट्या भावाच्या, मुंजाबाच्या, हवाली.

रस्त्यालगतचा पानवाला कारभारी पुढं आला. "थकली असंल बिचारी. काल दुपारी मुंजाबा तिला घेऊन सडकंनं चालला व्हता की!"

सोनाजीच्या काळजात चर्र झालं. सुट्टीच्या दिवशी घोडी बाहेर? आपण तिकडं हरिनामात दंग, आणि पाठच्या भावानं इकडं भाडं मारलं? पाठच्या भावानं!

कारभाऱ्यानं धाडलेला निरोप मिळताच मुंजाबा धावत आला. त्याच्यामागून रिसाल्यातले जुने सालोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य, बद्रीनाथ धापा टाकत येत होते.

"काल घोडी भाईर काढली व्हती का नाय?" सोनाजी कडाडला.

"व्हय दादा, पर म्या तिला नुसतं..."

"बास! माझ्या मागं दगा केलास. त्या हातानं तिला शिवू नगंस!"

मुंजाबानं एकदा भावाकडं, एकदा घोडीकडं पाहिलं. हातातली झूल खाली ठेवली आणि घराकडं वळला.

तेवढ्यात चंद्रीनं लघवी केली. काढ्यासारखी, तांबूस काळी! बद्रीनाथ खाली वाकले, मग हळूच म्हणाले, "सोनाजी, काल हिला काय चारलं?"

"या खेपेला दुप्पट हरभरा, वर गूळ, कीर्तनाला निघताना म्याच चारला. उपास माझा हाय, तिचा थोडाच?"

"अरे देवा! तिथंच घात झाला! मेहनतीनं घोड्याचं मांस आतून झिजतं आणि विश्रांतीत भरून येतं, पहिल्यापरीस बळकट होतं. म्हणून सुट्टी पाहिजेच. पण सुट्टीला दाणा निम्मा करायचा, अन् हातात धरून हळूहळू फिरवायचं. तू भरपेट चारून सकाळी एकदम दामटली, तर मांस आखडणारच. रिसाल्यात सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी अशी किती घोडी पडायची!"

"पर मुंजाबानं काल तिला पळवली ना?"

"पळवली? दोर धरून पायी फिरवली त्यानं! मीच सांगितलं होतं. म्हणून ती अजून उभी तरी आहे. आता हिला हलवू नकोस. झूल घाल, पाणी पाज. मी थांबतो हिच्यापाशी. तू घरी जा."

काल कीर्तनात भूतदयेवर बुवा बोलले, तेव्हा सोनाजीनं मान डोलावली होती. आज भावाचं एक वाक्यही त्यानं पुरतं ऐकून घेतलं नव्हतं!

घरी मुंजाबा खांद्यावर घोंगडी टाकून उभा, आणि सोनाजीची बायको सुगंधाबाई दार अडवून.

"भाऊजी, भाकरी खाल्ल्याबगर जायाचं नाय."

सोनाजीनं भावाचे हात धरले. "चुकलो रं. दगा म्याच केला. तिच्याशी बी आन् तुझ्याशी बी."

मुंजाबा म्हणाला, "घोडीचं मांस महिन्यात जुळंल, दादा. माझं कवा जुळायचं?"

पण घोंगडी खुंटीवर परत गेली.

चंद्री वाचली. महिनाभरानं ती हळूहळू चालू लागली. त्यानंतरच्या एकादशीला सोनाजीनं पायलीतला हरभरा स्वतःच निम्मा काढून ठेवला. मुंजाबा अजून मोजकंच बोलत होता. तरी दोर भावाच्या हाती देत म्हणाला, "वढू नगंस. तिच्या चालीनं चाल. आन् माझ्याशी बोलताना बी तसंच."

सोनाजी हसला आणि घोडीच्या चालीनं चालू लागला.

बंधुभगिनींनो, राबणाऱ्या जिवाला विश्रांती हवी आणि तिच्यासोबत समजही हवी. नुसती माया कधी कधी घात करते. आणि आपल्याच माणसाला दगाबाज म्हणण्याआधी त्याचं वाक्य पुरतं होऊ द्या. देवाच्या दारी बसून एवढं जरी शिकलो, तरी ऐकलेलं कीर्तन अंगी लागलं म्हणायचं!