वाढलेली मुदत

"दोनशे शहात्तर," बँकेतल्या साहेबांनी स्क्रीन वळवली. "एवढे हप्ते बाकी आहेत, मॅडम."

प्रतिभाने मांडीवरच्या सृष्टीच्या मुठीतून त्यांचं पेन सोडवलं आणि पुन्हा पाहिलं. पाथर्डी फाट्यावरचा फ्लॅट घेतला तेव्हा कर्ज वीस वर्षांचं होतं. पाच वर्षांत एक हप्ता चुकला नव्हता. मग उरलेल्या पंधरा वर्षांची तेवीस कशी झाली? रागाआधी तिला कुतूहलच वाटलं. बीएस्सीला प्रयोगाचं उत्तर भलतंच आलं की वाटायचं, तसं.

साहेब समजावत गेले. मध्यंतरी व्याजदर वाढले, तेव्हा हप्ता तोच ठेवून बँकेने मुदत वाढवली. मेसेज आले होते. नवऱ्याने, जीवनने, न वाचताच पुसले असणार. आता दर उतरलेत, पण जुन्या ग्राहकाला अर्ज करून, फी भरून नवा दर घ्यावा लागतो.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"कोणी विचारत नाही हो," ते म्हणाले.

नवा दर घेऊन हप्ता तोच ठेवला तर मुदत साडेसतरा वर्षांवर येत होती. दिवाळी बोनसचे चाळीस हजार मुद्दलात टाकले तर आणखी आठ महिने कमी.

पण अंबडच्या कारखान्यातून आल्या आल्या जीवनने बोनसचं काय करायचं ते सांगून टाकलं होतं. आईच्या पाटल्या सोडवायच्या. सृष्टी जन्मली आणि बारा दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, तेव्हा त्या गहाण पडल्या. दोन वर्षं नुसतं व्याज चाललं होतं, आणि फुलबाजारात हार विकणाऱ्या सासूबाई, नवसाबाई, तिथल्या बायांना सांगत की पाटल्या लॉकरला आहेत.

प्रतिभाने सासूपुढे दोन्ही हिशेब ठेवले. घाबरतच.

नवसाबाईंनी एवढंच विचारलं, "सोन्याचा भाव काय चाललाय?"

प्रतिभाने मोबाईलवर पाहिलं. साडेतीन-चार तोळ्यांचे चार लाखांच्या पुढे जात होते.

"मग सोडवा, आन् इकून टाका. समदं घरात भरा."

"आई, बाबांनी केल्यात त्या," जीवन म्हणाला.

"म्हाईत हाय. दसऱ्याच्या सकाळी झेंडू कोणी घरी ठेवतं का?"

जीवन उठून गॅलरीत गेला. प्रतिभाने आकडे घातले: सव्वाबारा वर्षं. तिने ते दोनदा तपासले, आणि मोठ्याने वाचायचं तिला जमेना.

पाटल्या बुधवारी सुटल्या. गुरुवारी सराफ बाजारातली दुकानं अकराला उघडायची होती. प्रतिभा सृष्टीला घेऊन साडेदहाला पोचली. दुकानांच्या पुढ्यातच फुलवाल्यांची ओळ होती, आणि नवसाबाई पाटल्या घालून बसल्या होत्या. पहाटेपासून.

"आज लय नटली बाई," शेजारच्या पाटीवरून धोंडाबाई म्हणाली. "लेकाचं दुसरं लगीन हाय का काय?"

"पहिलंच झेपंना त्याला," नवसाबाई म्हणाल्या.

ओळीतल्या बाया हसल्या. एकीने हात धरून पाटल्या फिरवून पाहिल्या, घडणावळ जुनी आहे म्हणाली. नवसाबाईंनी तिला हवं तेवढा वेळ पाहू दिलं.

समोरचं शटर वर गेलं. प्रतिभा सृष्टीला कडेवर घेऊन उभी राहिली.

"एवढा हार होऊ दे, पोरी," नवसाबाई म्हणाल्या. त्यांनी सुईत नवा दोरा ओवला आणि त्या एकेक फूल नीट पारखून घेऊ लागल्या.