पिलदूची स्वच्छ फुफ्फुसे

“अभिनंदन आजोबा! फुफ्फुसं एकदम स्वच्छ आहेत.”

ओक पिलदूने त्या तरुण डॉक्टरीणबाईंकडे असे पाहिले, जणू त्यांनी भर बाजारात त्याच्या थोबाडीत मारली होती.

“नीट बघा,” तो म्हणाला. “एखादा डाग असेलच. कोपऱ्यात वगैरे.”

बाईंनी पडद्यावर स्कॅनमधले त्याच्या छातीचे काप वरून खाली सरकवले. “ही श्वासनलिका, इथं तिला दोन फाटे. उजवीकडं तीन भाग, डावीकडं दोनच. तिकडं हृदयालाही राहायला जागा हवी ना. या पुसट रेघा म्हणजे भागाभागांमधल्या सीमा. आणि प्रत्येक नळीला लागून एक रक्तवाहिनी चाललीय बघा, नवरा-बायकोसारखी.”

“माझी बायको गेली. डाग दाखवा.”

“कडेकडेला सगळं बारीक बारीक होत जातं आणि मग नुसतं काळं. काळं म्हणजे हवा, आजोबा. पुस्तकात छापावं असं आहे.”

उभा जन्म थेबेकच्या खाणीत कोळसा खाल्ला आणि आत काळे काय सापडले, तर हवा!

खाण बंद पडून जमाना झाला होता. आता तिच्या तोंडाशी एक दगड उभा राहणार होता, अगदी तळाशी उतरून कोळसा फोडणाऱ्यांच्या नावांचा. कंपनीचे जुने दप्तर पुरात वाहून गेले होते, आणि नाव कोरून घ्यायला तर अख्खे गाव तयार होते. म्हणून खाणकामगार मंडळाचे अध्यक्ष प्यो यांनी नियम काढला: छातीचा स्कॅन आणा, त्यात कोळशाचा डाग दाखवा. माणूस खोटे बोलतो, छाती नाही.

मंडळाच्या कचेरीकडे जाणाऱ्या चढावर मक्याच्या टपरीपाशी सगळे म्हातारे धापा टाकत थांबत. पिलदूला दम लागत नसे. तरी तो थांबे आणि शिष्टाचार म्हणून थोडा खोकेही.

प्योने फिल्म खिडकीशी धरली. “हे काय रे? हे तर शाळामास्तरचं फुफ्फुस!”

सगळे हसले. हसण्याचा खोकला झाला आणि तो काही केल्या थांबेना. पिलदू ठणठणीत उभा राहून वाट पाहत राहिला.

“वर ऑफिसात चहा ओतत होतास ना?” श्वास परत येताच प्योने विचारले.

“तळाशी होतो. डुकराची चरबी खायचो. तिनं धूळ उतरते.”

“आम्हीपण खायचो. तुझं डुक्कर वेगळं होतं का?”

“मा ग्वांगसूला विचारा. त्याच्या शेजारी ड्रिल धरलंय मी. आमच्या पाळीतला तोच एक उरलाय.”

प्यो दुसऱ्या खाणीतला, त्याला काय ठाऊक? पण बिनडागाचा माणूस रंगेहाथ पकडायची संधी तो सोडतो कसला. तो स्वतः पिलदूला घेऊन इस्पितळात गेला.

ग्वांगसू उशांना टेकून बसला होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, छाती भात्यासारखी वरखाली. नर्सने दटावले, “फार बोलायला लावू नका हं.”

“ग्वांगसूदादा,” प्यो म्हणाला, “हा ओळखीचा आहे?”

ग्वांगसूने पिलदूला वरपासून खालपर्यंत पाहिले. मग मास्क बाजूला केला.

“हा?” श्वास. “भित्रा.”

प्यो खूश झाला. पिलदूने मान खाली घातली.

“नवरी... म्हणायचो याला.” श्वास. “बायकोनं... लग्नातली गोधडी फाडून... फडकं शिवलं. फुलाफुलांचं. ते ओलं करून... तोंडाला बांधायचा. रोज. माझ्या शेजारी.”

“शेजारी म्हणजे? खाली? अगदी तळाशी?”

“मग काय... टेकडीवर? गाढवा!”

यंत्र टीं-टीं वाजू लागले. नर्स धावत आली. ग्वांगसूने तिचा हात झटकला. त्याला अजून बोलायचे होते, आणि ते प्योशी नव्हते.

“फेक म्हटलं होतं... तुला. सगळे हसायचे.” डोळ्यांत अंगार होता. “माझ्या बायकोनंपण... शिवलं होतं.”

नर्सने मास्क परत बसवला. प्योने टोपी उचलली, दगडावर नाव कसे लिहायचे ते पिलदूला एकदा विचारून घेतले आणि जिन्याकडे गेला. त्याचा खोकला पायरीपायरीवर थांबत खाली उतरत गेला.

पिलदू स्टुलावर बसला. खोलीत एकट्या ग्वांगसूच्याच श्वासाचा आवाज होता. तो पिलदूला सोसवेना. त्याने मूठ तोंडाशी नेली आणि थोडा खोकला.

“नाटकं नकोत,” मास्कच्या आतून डोळे न उघडता ग्वांगसू म्हणाला.

पिलदूने मूठ खाली घेतली. मग, जमेल तितक्या हळू, आवाज न करता, त्याने छाती भरून श्वास घेतला.