मेश्राम मॅडमचा विकल्प

मी कुणाला सोडत नाही, हा माझा गुण कुही तालुक्यातल्या सगळ्या मास्तरांना ठाऊक आहे. दोष म्हणा हवं तर. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या संघटनेचा मी चौदा वर्षं तालुका सचिव आहे. अडलेली बदली, रखडलेली वेतनश्रेणी, हरवलेलं सेवापुस्तक, काहीही असो, लोक म्हणतात ताराचंद ठवकर सरांकडे जा. मला ते ऐकायला आवडतं. खोटं कशाला बोलू?

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला. दरवर्षी अर्थसंकल्प आला की टीव्हीवरची मंडळी सांगू लागतात, सगळी तिजोरी पगारात आणि पेन्शनमध्ये जाते. जणू आम्ही शाळेत बसून नोटा चावतो. त्या वर्षी आमचंही डोकं फिरलं होतं. तालुक्यातल्या शाळांना पटापट कुलपं लागली. एकच शाळा उघडी राहिली, धरणाच्या पाण्याकडच्या टोकाच्या गावातली. दोन खोल्या, चौदा पोरं आणि शामला मेश्राम मॅडम.

मी मोटरसायकल काढली आणि तडक तिथे गेलो. मॅडम फळ्यावर बेरजा लिहीत होत्या. माझ्याकडे पाहून त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही.

"आम्ही तुमच्याच पेन्शनसाठी उन्हात बसून राहिलो मॅडम, अन् तुम्ही इथं सावलीत पाढे घेऊन राहिल्या?"

"सर, माझा पट चौदा आहे," त्या म्हणाल्या. "कमी पटाच्या शाळा बंद करून पोरं दूरच्या मोठ्या शाळेत न्यायचं चालू आहे वरून. आठ दिवस इथं कुलूप दिसलं तं ते म्हणतीन, पाहा, शाळा नसली तरी गावाचं काही अडत नाही. मले कुलूप लावता येत नाही. माझा या आठ दिवसांचा पगार संघटनेले घ्या."

बोलणं चुकीचं नव्हतं. तेव्हाही मला ते कळलं होतं, म्हणूनच जास्त राग आला. संध्याकाळी मी संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'संप फोडणाऱ्यांना इथे जागा नाही', आणि मेश्राम मॅडमना ग्रुपमधून काढून टाकलं. मेसेजवर सत्तेचाळीस अंगठे आले. मला त्या रात्री छान झोप लागली.

बाहेरच्या माणसाला ग्रुपमधून काढणं म्हणजे रुसण्याफुगण्याचा प्रकार वाटेल. आमच्या नोकरीत तसं नाही. आमचं सगळं ग्रुपवरच चालतं. कचेरीचा वेगळा ग्रुप असतो, पण त्यावर नुसतं पत्र पडतं, 'पात्र कर्मचाऱ्यांनी कार्यवाही करावी'. पात्र कोण, नमुना कोणता, कागद काय जोडायचे, शेवटची तारीख कधी, हे संघटनेचा सचिव समजावून लिहितो. त्या पत्रांचा मराठीतून मराठीत अर्थ लावणं हेच माझं काम.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आदेश निघाला. ज्यांची भरतीची जाहिरात नोव्हेंबर २००५ च्या आधीची, पण जे रुजू नंतर झाले, त्यांना एकदाच जुनी पेन्शन निवडता येणार होती. तसा लेखी विकल्प सहा महिन्यांत द्यायचा. मी ग्रुपवर नमुने टाकले, आवाज रेकॉर्ड करून टाकले, शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर लागलेलेही यात बसतात हे तीनदा सांगितलं. आमच्या तालुक्यात असे एकोणीस जण होते. अठरा विकल्प गेले, आणि संघटनेने कुहीच्या सभागृहात शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. एकोणिसाव्या मेश्राम मॅडम होत्या. त्या मला आठवल्याच नाहीत, असं मी स्वतःला सांगत आलो.

मग यंदाचं हिवाळी अधिवेशन आलं. डिसेंबरात नागपुरात मोर्चे निघतात तसा आमचाही निघाला. उरलेल्या सगळ्यांना जुनी पेन्शन द्या, ही मागणी. यशवंत स्टेडियमपाशी मी टोप्या वाटत होतो, तर समोर मेश्राम मॅडम. हातात डब्याची पिशवी, पायात स्पोर्ट्स शूज. सोबत पारशिवनी तालुक्यातल्या शिक्षिका सुहासिनी रंगारी मॅडम होत्या.

"सर, मागच्या बारीले मी आली नाही," मेश्राम मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सगळे लढले अन् मी शाळेतच राहिली, ते मनात होतं. माझं एकच वर्ष राहिलं आता. म्हटलं, यंदा तरी चालावं."

त्यांनी हात जोडले. त्या माझी माफी मागत होत्या, आणि मी सचिवासारखं हसून मान हलवली. त्यांच्या डोक्यावर टोपीही घातली.

रंगारी मॅडम मध्येच म्हणाल्या, "पण शामला, तुले काहून मोर्चा लागते वं? आपण एकाच जाहिरातीतल्या. मले तं लागली जुनी पेन्शन. तू विकल्प दिला नाही का?"

"मी शिक्षणसेवक होती न पहिले तीन वर्षं. मले वाटलं आपलं त्यात नाही बसत."

"मीबी तेच होती! ठवकर सरांनं तं ग्रुपवर सगळं समजावून टाकलं होतं. तिकडं पारशिवनीलेही फिरलं ते."

माझ्या हातातल्या टोप्या तशाच राहिल्या. मेश्राम मॅडमचा चेहरा पांढरा पडला. रस्त्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "माझा मोबाईल बिघडला होता तेव्हा. ग्रुप गेला त्यातला. माझंच लक्ष नव्हतं."

तोंड उघडायला तेव्हा इतकी चांगली जागा होती, आणि मी वळून घोषणा द्यायला लागलो. मोर्चा पोलिसांनी अडवला तिथपर्यंत मी घसा बसेस्तोवर ओरडलो. मागे त्या चालत होत्या. ज्या गोष्टीसाठी त्या चालत होत्या, ती त्यांना घरबसल्या मिळाली असती.

नागपुरात महाल भागातल्या माझ्या घरी आलो. कामिनीने, माझ्या बायकोने, ताट वाढलं. मी तिला सगळं सांगितलं, म्हणजे जेवढं सांगवलं तेवढं.

"त्या विधवा आहेत न जी? पोरगी शिकते अजून?" तिने विचारलं.

"हो. नूपुर. नर्सिंगला आहे."

"मग जेवून काय राहिले? जा न, काहीतरी करा."

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या एका जुन्या ओळखीच्या बाबूला नाव न सांगता विचारलं. तो म्हणाला, "मुदत गेली ते गेली. पण माहितीच पोचली नाही असं कागदावर सिद्ध झालं, तर विशेष बाब म्हणून प्रस्ताव वर पाठवता येतो. मंजूर होईल असं नाही. आणि सिद्ध कोण करणार? ज्याने माहिती पोचू दिली नाही, तो थोडाच लिहून देतो?"

जानेवारीत संघटनेची जिल्ह्याची निवडणूक आहे. अध्यक्षपदासाठी माझं नाव जवळपास पक्कं झालंय. संघटनेच्या कागदावर माझ्या सहीने असं पत्र गेलं, की ते अर्ध्या तासात शंभर ग्रुपवर फिरणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तसले कागद फिरवण्यात माझीच हयात गेली आहे. तीन दिवस मी पत्र लिहीत होतो आणि फाडत होतो. कधी 'तांत्रिक कारणाने' लिहायचो, कधी 'अनवधानाने'. चौथ्या दिवशी स्वतःचीच किळस आली आणि सरळ लिहिलं: संपात सहभागी न झाल्याच्या रागातून श्रीमती शामला मेश्राम यांना मी ग्रुपमधून काढले, पुन्हा घेतले नाही, म्हणून विकल्पाची माहिती त्यांना मिळाली नाही. सही केली, शिक्का मारला.

शाळेत पोचलो तेव्हा मधली सुट्टी होती. पोरं ओट्यावर खिचडी खात होती. मॅडमनी पुन्हा खुर्ची पुढे केली. या वेळी बसलो.

"मॅडम, तुमचा मोबाईल बिघडला म्हणून ग्रुप गेला नव्हता," मी म्हणालो. "मी काढलं तुम्हाले. माझी चूक आहे. तुमची पेन्शन माझ्यामुळं गेली." आणि पत्र पुढे केलं.

त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. मग म्हणाल्या, "हे तं मले माहीत होतं सर. कोणी काढलं ते मोबाईलवर दिसते न."

"मग मोर्चात तसं काहून सांगितलं?"

"एवढ्या माणसांत तुमचा पाणउतारा काहून करू? तुम्ही किती लोकांचे कामं केले."

मला एकदम हलकं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण हलकंच वाटलं. सुटलो, असंच मनात आलं. मी उठायलाही लागलो.

"पण सर, यात एक राहिलं," मॅडम कागदावरची नजर न काढता म्हणाल्या. "त्या जूनमध्ये मी तुम्हाले फोन केला होता. तीनदा. विकल्पाचं काही चालू आहे म्हणून इकडून तिकडून कानावर आलं होतं. शिक्षणसेवक चालते का, एवढंच विचारायचं होतं."

हे मी कामिनीला सांगितलं नव्हतं, आणि तुम्हालाही इथवर सांगितलं नाही. पहिला फोन आला तेव्हा आम्ही पाच-सहा मास्तर कुहीच्या स्टँडवर तर्री-पोहे खात होतो. स्क्रीनवर 'मेश्राम मॅडम' आलं. मी मोबाईल सगळ्यांकडे फिरवला आणि म्हणालो, "पाहा, आता आली आठवण." सगळे हसले. वाजून वाजून तो बंद पडला. दुसऱ्यांदा मोबाईल पालथा घातला. तिसऱ्यांदा अनोळखी नंबर होता, बहुधा त्यांच्या मुलीचा, म्हणून उचलला. "सर, मी शामला मेश्राम, जरासं विचारायचं होतं," इतकं त्या बोलल्या. मी म्हणालो, "मीटिंगमध्ये आहो," आणि कापला. मीटिंग कसली? घरी पंख्याखाली लोळलो होतो. मुदत संपायला दोन महिने बाकी होते, आणि मला ते ठाऊक होतं. त्या मला आठवल्या नव्हत्या, हे धडधडीत खोटं आहे.

"तेही लिहा न सर," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "ग्रुपवरून काढलं त्याचं काही नाही. ग्रुपवर नसलेला माणूस विचारू शकते. मी विचारलंच होतं."

"मॅडम, ते लिहिलं तं मी कुठलाच राहत नाही."

ओट्यावर एक पोरगी ताट घासायला निघाली, तिला मॅडम म्हणाल्या, "राहू दे, मी येते," आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. त्या वाट पाहत होत्या, वर्गात कुणी उत्तर द्यायला उभं राहिलं की पाहतात तशी.

मी खिशातून पेन काढलं. सहीच्या खाली बोटभर जागा उरली होती. तिथे लिहिलं: 'मुदतीत त्यांनी मला तीन वेळा फोन केला. मी जाणूनबुजून उत्तर दिले नाही.'

त्यांनी वाचलं आणि कागद पुन्हा माझ्यासमोर ठेवला.

"याच्याखालीही सही करा सर. नाहीतर कोणीबी म्हणंन, हे मीच लिहून घेतलं."

मी दुसरी सही केली. चौदा वर्षं सह्या करतोय, तरी ती पहिलीसारखी आली नाही.