पाच पेपर, एकच कार्बन

कारगिलची लढाई जोरात होती तेव्हाची गोष्ट. सकाळच्या एसटीनं पेपर आले आणि सरपंच बन्सी धावतपळत वाडीवर, तात्याबाच्या दारात येऊन उभा राहिला. हातात पाच पेपर. तात्याबा मेंढरांना पाला टाकत होता.

"आबा, आपला संपत गेला," बन्सी कसंबसं म्हणाला. "तिकडं लढाईत."

तात्याबा पाल्यावरच खाली बसला. संपतच्या आईनं, बयाबाईनं हंबरडा फोडला. सून नकुशी, पोरीच्या लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं, ती चुलीपुढं होती तिथंच बसून राहिली. घटकाभरात अंगण माणसांनी भरलं. शाळेपुढं श्रद्धांजलीचा मांडव घालायचं ठरलं, कुणी कर्णा आणायला पळालं. माणसं वाईट नव्हती हो, पण घाई फार. बायका तर नकुशीच्या बांगड्या फोडायला पुढं सरल्या.

तेव्हा तात्याबा उठला. "थांबा. तार कुठं हाय?"

"कसली तार?"

"पलटनीची. मानूस गेलं की घरी तार येती. संपतनंच सांगितलं व्हतं."

"पाच पेपरांत आलंय आबा," बन्सी हळूच म्हणाला. "एखादा चुकंल. पाची कसे चुकतील?"

पण तात्याबा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. संध्याकाळी गडी म्हणायचा, सगळी आली. तरी स्वतः जाळीच्या कुंपणाच्या तोंडाशी उभं राहून मेंढरू न् मेंढरू मोजल्याशिवाय त्यानं ती वाघर कधी बंद केली नव्हती. "मी येईपत्तुर सुनंच्या हाताला कुनी हात लावायचा न्हाई," असं बजावून त्यानं शिरूरची एसटी धरली. वाटभर एकच विचार. पोरगं खरंच गेलं असलं तर? मग ही वणवण कशासाठी? पण घरी बसवतही नव्हतं.

शिरूरला स्टँडासमोरच्या हॉटेलात पेपरवाले बसतात, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. तिथं रोहिदास नावाचा वार्ताहर बातमी लिहीत होता. तात्याबानं नाव सांगितलं, हात जोडले.

"संपतची बातमी तुमच्या पेपरात आली न्हवं? बाकीच्या चौघांची बी गाठ घालून द्या. पाच जनांनी चौकशी केली आसंल. तो कसा गेला, येवढं तर कुनाला कळलं आसंल."

रोहिदासचा पेन थांबला.

"त्यांना भेटून काय उपयोग नाही आबा," तो खालमानेनं म्हणाला. "आमच्यात एकानं लिहायचं, मधे कार्बन घालून पाच प्रती काढायच्या आणि पुण्याच्या गाडीत टाकायच्या. काल माझी पाळी होती."

"म्हंजी पाची पेपर तुमी एकलेच? आन् तुमाला कुनी सांगितलं?"

"वरून फॅक्स आला. सरकारी."

"मग तुमी काय इचारलं?"

"काही नाही. लढाई चालू आहे आबा. अशा वेळी सरकारला उलटं विचारलं की लोक देशद्रोही म्हणतात. वरून येईल ते छापा, असं आमच्या संपादकांनीच सांगितलंय."

तात्याबाचं टाळकं सणकलं. "बोकड घेताना मानूस चार येळा इचारतो. माझं पोरगं मारताना तुमी येकदाबी इचारलं न्हाई?"

रोहिदास उठला. चहा तसाच टाकून तो शेजारच्या एसटीडी बूथमध्ये शिरला आणि पलटणीच्या केंद्राचा नंबर फिरवत बसला. लाईन लागायची, तुटायची. लागली की दुसऱ्याच टेबलावर जायची. काचेबाहेर उभा राहून तात्याबा नुसता त्याचं तोंड बघत होता.

खूप वेळानं रोहिदास बाहेर आला, तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "जिवंत आहे आबा. मांडीला गोळी लागलीय, मिलिटरीच्या दवाखान्यात आहे. जखमींच्या यादीतलं नाव कुणीतरी भलत्याच यादीत घातलं."

"नीट इचारलं न्हवं?"

"तीनदा विचारलं."

तात्याबाचा जीव भांड्यात पडला. तिथंच पायरीवर बसून तो लेकरासारखा रडला. मग उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "आता चहा पाजा."

रोहिदासच्या एम-एटी गाडीवर दोघं वाडीवर पोचले, तेव्हा मांडवाचे वासे उभे राहिले होते. बातमी ऐकली आणि बयाबाईनं नकुशीला असं कवटाळलं की पोरीच्या बांगड्या खळाखळा वाजल्या. बन्सी स्वतःच वासे उपटायला धावला. सगळं अंगण हसत होतं, रडत होतं.

जरा निवांत झाल्यावर बयाबाई म्हणाली, "काय लिवलंय ते वाचा तरी."

बन्सीनं वाचलं. "'आणखी एक मुलगा असता, तर तोही मी देशाला दिला असता,' असे उद्गार वीरमाता बयाबाई यांनी काढले."

"आगं बया. हे मी कवा म्हनले?"

रोहिदासनं मान खाली घातली. "अशा बातमीत ते वाक्य घालायची पद्धत आहे मावशी."

त्यानं पिशवीतून कागद काढले. सवयीनं मधे कार्बन सरकवला, मग त्याकडं बघत राहिला, आणि काढून परत पिशवीत टाकला.

"मावशी," त्यानं विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचंय?"

"आत्ता इचारलंस बघ," बयाबाई म्हणाली. "ल्ही. येकच हाय म्हनावं. त्यो बरा करून आमचा आमाला परत द्या."